गाभ्याचे सुतक

कलावती सरगर यांचा डायलिसिसचा पंप ज्या ओळीपाशी थांबला आणि त्या दगावल्या, ती ओळ नेमिनाथ मगदूम यांनी लिहिली होती, असे अहवालात नोंदले होते. आणि मगदुमांनी ते मान्य केले होते. त्यामुळे चौकशीत विचारण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. पुढच्या सोमवारी समिती बसेल, त्यांचा लेखन-परवाना कायमचा रद्द करेल, आणि निवृत्तीला आलेला हा माणूस आपली कापडी पिशवी उचलून मिरजेच्या केंद्रातून निघून जाईल, हे सर्वांनी गृहीत धरले होते. ऋजुता आरवाडेनेही धरले होते. तिला प्रोग्राम लिहायला त्यांनीच शिकवले होते. पण गेले वर्षभर दोघांचे धड बोलणेही झाले नव्हते, आणि त्याचे कारण तिने बनवलेली चाळण होती.

केंद्राचे काम एकच होते. राज्यातल्या सरकारी रुग्णालयांमधली श्वासयंत्रे, सलाइनचे नियंत्रक, डायलिसिसची यंत्रे ज्या मूळ आज्ञावलीवर चालतात, ती तयार ठेवायची. इंजिनिअर तिला कर्नल म्हणतात. केंद्रातली माणसे नुसते 'गाभा' म्हणत. गाभा म्हणजे हजारो फायली. माणसाने लिहिलेली प्रत्येक फाईल कंपाइल करून यंत्राला कळेल असा तुकडा बनवायचा, आणि सारे तुकडे जोडून एक अखंड आज्ञावली करायची. अडचण अशी की या फायली एकमेकींना धरून असतात. एखादी व्याख्या शंभर फायली वापरत असतील, तर त्या व्याख्येच्या फाईलला नुसता हात लावला की शंभरही पुन्हा कंपाइल होत. जुनी पद्धत फक्त तारीख पाहत असे. काय बदलले हे तिला कळत नव्हते. बदलले एवढेच कळे.

मगदूम याला सुतक म्हणत. दूर कुठेतरी चुलत्याचा चुलता गेला, ज्याचे तोंडही कधी पाहिले नाही, तरी साऱ्या भावकीला सुतक, तसे हे. शब्द केंद्रात रुळला. कोणी फाईल बदलली की बाकीचे विचारत, किती जणांना सुतक लावलेस. पुरा गाभा कंपाइल व्हायला, म्हणजे पूर्ण संकलनाला, अर्धा दिवस लागे, आणि तो अर्धा दिवस कोणालाच काम नसे. त्या रिकाम्या वेळात मगदूम सगळ्यांना घेऊन व्हरांड्यात चहाला बसत आणि जुन्या फायलींच्या गोष्टी सांगत: ही अट का घातली, तो आकडा कुठून आला, कोणत्या रुग्णालयातल्या कोणत्या नर्सने काय सांगितले म्हणून ही ओळ बदलली. संकलन पूर्ण झाल्याचा संदेश पडद्यावर आला की ते उठून म्हणत, "चला, सुतक फिटलं. आंघोळी करा." लोक हसत आणि कामाला लागत.

मग उन्हाळे वाढले, वीज अपुरी पडू लागली, आणि प्रत्येक संस्थेला संगणकीय कामाचा वार्षिक कोटा ठरवून देण्यात आला. केंद्राला तो पुरेना. खर्च नुसता कंपाइल करण्यापुरता नव्हता. वैद्यकीय उपकरणात जाणारा प्रत्येक नवा तुकडा चाचणीच्या मंचावर पुन्हा तपासावा लागे. दुरुस्त्या तयार असूनही रुग्णालयांपर्यंत पोहोचेनात. तेव्हा ऋजुताने चाळण लिहिली. चाळण तारीख पाहत नसे. ती फाईल वाचून तिच्या अर्थाचा ठसा काढी. मोकळ्या जागा, रकाने, माणसांनी माणसांसाठी लिहिलेल्या टिपा, असे यंत्राला न कळणारे सारे गाळून जे उरेल त्याचा ठसा. जुना ठसा आणि नवा ठसा एकच असेल, तर फाईल पुन्हा कंपाइल करायची नाही. साठ्यातला जुनाच तुकडा वापरायचा. दहा भागांपैकी नऊ भाग काम वाचले. दुरुस्त्या आठवड्याऐवजी दुपारपर्यंत जाऊ लागल्या. अनेक रुग्ण त्यामुळे वाचले असतील, आणि ते ऋजुताला ठाऊक होते.

शासनाने कोटा त्या प्रमाणात कमी केला. व्हरांड्यातला चहा बंद झाला. कोणी ठरवून बंद केला नाही. थांबण्याचे कारणच उरले नव्हते.

शुक्रवारी ती मगदुमांच्या घरी गेली ती निरोप घ्यायला गेल्यासारखी. ऊन उतरले नव्हते. सूर्यास्ताआधी जेवण उरकण्याचा त्या घरचा रिवाज, म्हणून सुलोचनाकाकूंनी ताट वाढले होते आणि ते तसेच समोर होते. काकू तिला दारातच हलक्या आवाजात म्हणाल्या की महिना होत आला तरी हे जैन बस्तीत दर्शनाला जात नाहीत, पूजेच्या भांड्यांना शिवत नाहीत. "त्या बाईचं सुतक धरलंय यांनी. परक्याचं कुणी एवढं धरतं का? तूच सांग की जरा."

मगदुमांनी तिला बसायला सांगितले आणि कामाची चौकशी केली. चाळणीचा विषय मात्र त्यांनी काढला नाही. मग जत तालुक्यातल्या सरगरांच्या वस्तीवर आपण जाऊन आलो हे सांगितले. नव्या कायद्याप्रमाणे उपकरण बंद पडून कोणी दगावले, तर उत्तरदायी व्यक्तीचे नाव नातलगांना कळवावे लागे. यंत्र थांबता थांबता फाईलचे नाव आणि ओळीचा क्रमांक पाठवते. त्यावरून ती ओळ कोणी लिहिली हे यंत्रणा आपोआप शोधते. कलावतींच्या मुलाच्या, बिरू सरगरच्या फोनवर मगदुमांचे नाव गेले होते. पत्रातून नाव कळण्यापेक्षा तोंड दाखवावे, असे त्यांना वाटले. बिरू शेळ्या घेऊन येईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग हात जोडून म्हणाले, तुझ्या आईचा पंप ज्या ओळीने थांबवला ती माझी. बिरूने आत जाऊन तांब्या आणला. पाणी दिले; मगदुमांच्याने ते प्यायले गेले नाही.

ऋजुताने विचारले की ती ओळ इतकी नक्की चुकलेली आहे का. त्यांनी पाठ म्हणून दाखवावी तशी सांगितली. रक्ताच्या नळीतला दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की पंप थांबवायचा. मर्यादा त्यांनी स्वतः ठरवली होती, मुलीच्या लग्नाच्या गडबडीत, दोन कामांच्या मध्ये. तेव्हाही थोडी शंका आली होती. "यंत्र खोटं कशाला सांगेल?" ते म्हणाले. "आणि वर दुसरीही चूक निघाली. बिरू म्हणतो, बझर वाजलाच नाही. नुसता तांबडा दिवा लागला. पोरगं बाहेर बाकावर बसलं होतं, आवाज झाला असता तर त्यानं नर्सला हाक मारली असती. म्हणजे बझरपण मीच बिघडवला."

त्यांनी हे स्वतःविरुद्धचा आणखी एक पुरावा म्हणून सांगितले, आणि ऋजुताने क्षणभर तसेच ऐकले. उठून पायऱ्या उतरल्यावर मात्र ती थांबली. मर्यादेच्या त्या ओळीत आधी बझर लागतो, मग पंप थांबतो. तो क्रम मगदुमांनीच तिला व्हरांड्यात समजावला होता. बझर बिघडला असता, तर त्याचा वेगळा संदेश आला असता. बझर न वाजता नुसता दिवा लावून पंप थांबवणारी जागा त्या फाईलमध्ये एकच होती, आणि ती निराळी होती. दाबमापकाकडून आकडाच येणे बंद झाले, तर. बझर त्या आकड्यावरच वाजत असे.

शनिवारी केंद्रात ती एकटीच होती. तिने पंपाची फाईल उघडली. अहवालातल्या क्रमांकावर मगदुमांचीच ओळ होती. त्याखाली, बरोबर सहाव्या ओळीवर, दाबमापक गप्प झाल्याची ओळ. ती वर सरकत फाईलच्या आरंभापर्यंत गेली आणि तिथे तिला तिची स्वतःची टीप दिसली. हिवाळ्यात केव्हातरी लिहिलेली. नव्या लोकांना सरांच्या गोष्टी ऐकायला मिळत नाहीत, निदान एक तरी लिहून ठेवावी, म्हणून.

'पंपाची मर्यादा बदलताना ध्यानात ठेवावे:
रुग्ण खाटेवर कुस बदलतो.
कुस बदलली की दाब क्षणभर चढतो.
त्या क्षणाला धोका समजू नये.
रुग्णाला कुस बदलता आली पाहिजे.
– मगदूम सर, चहाच्या वेळी.'

सहा ओळी.

काय घडले ते तिला एकदमच दिसले होते. पुढचे काम नुसते खात्री करण्याचे होते. टीप लिहिल्यावर फाईलमधली प्रत्येक ओळ सहा घरे खाली सरकली. चाळणीने फाईल वाचली, टीप गाळली, ठसा तोच आला, आणि निर्णय दिला: अर्थ बदललेला नाही, पुन्हा कंपाइल करणे अनावश्यक. यंत्रात जुनाच तुकडा गेला, जुन्या ओळींचे क्रमांक पोटात घेऊन. पंप थांबला तेव्हा त्या तुकड्याने आपल्या जुन्या क्रमांकाची ओळ कळवली. अहवालाच्या यंत्रणेने मात्र गाभ्याची आवृत्ती नवी पाहून नवी फाईल उघडली. त्या क्रमांकाच्या घरात आता मगदुमांची ओळ राहत होती.

ओळीचा क्रमांक हा तुकड्यात खरोखर जाणारा आकडा असतो. चाळण लिहिताना तिला हे माहीत होते. तिने विचार करून तो वगळला होता, कारण तो धरला असता तर प्रत्येक टिपेगणिक सुतक लागले असते आणि चाळणीला अर्थच उरला नसता. चाळणीच्या प्रमाणपत्रात तिने लिहिले होते की क्रमांक केवळ माणसांच्या वाचनासाठी आहे, त्याने यंत्राच्या वागण्यात कोणताही फरक पडत नाही. ते वाक्य आजही खरे होते.

तिने टीप काढून जुनी फाईल कंपाइल केली आणि निघालेला तुकडा यंत्रातल्या तुकड्याशी ताडून पाहिला. दोन्ही तंतोतंत एक होते. दाबमापकाची ओळ केंद्र सुरू झाले तेव्हापासूनची होती आणि तिच्यात काही चूक नव्हती. आकडा येईना म्हणून पंप थांबला. तो थांबायलाच हवा होता. आकडा का येईना, याचे उत्तर आज्ञावलीत नव्हते. ते त्या यंत्राच्या मागच्या बाजूला कुठल्यातरी सैल जोडणीत असणार होते. पण अहवालात माणसाचे नाव आल्यामुळे यंत्र कोणी उघडलेच नव्हते. ते महिनाभर तिथेच चालू होते.

तिने आधी रुग्णालयाला फोन करून ते यंत्र बंद करायला लावले. त्या क्षणी त्यावर एक रुग्ण होता. त्याला दुसऱ्या यंत्रावर घेतल्याचा निरोप येईपर्यंत ती खिडकीशी उभी राहिली.

केंद्राचे संचालक विश्वास खोत रविवारी सुट्टी असूनही आले. त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि त्यांना ते पटले. तो माणूस अप्रामाणिक नव्हता. मगदुमांचे नाव काढावे यावर वाद नव्हता. वाद पुढच्या गोष्टीचा होता. चाळण सुरू झाल्यापासून आलेला प्रत्येक अहवाल आता संशयास्पद होता. रुग्णालयांमधल्या यंत्रांत कोणता तुकडा कोणत्या फाईलपासून बनला, याची खूण उरली नव्हती. तीही चाळणीने गाळली होती. एका फाईलचे ऋजुताने जुळवून पाहिले, पण हजारो फायलींचे तसे जुळवणे पुऱ्या संकलनापेक्षाही महाग पडले असते. पुढच्यासाठी खूण ठेवता येईल. मागच्यासाठी उपाय एकच: सारा गाभा एकदा पहिल्यापासून कंपाइल करायचा, तपासायचा आणि प्रत्येक यंत्रात नव्याने घालायचा. त्यात वर्षाचा उरलेला कोटा संपला असता. खोतांच्या टेबलावर श्वासयंत्राची सुधारणा तयार पडली होती. उष्माघाताच्या वॉर्डांत तिची वाट पाहत होते. ती पावसाळ्यानंतर गेली असती.

खोतांनी मधला मार्ग सुचवला. आजपासून टिपा लिहिण्यावर बंदी घालू, म्हणजे ओळी सरकणार नाहीत. मगदुमांना प्रकृतीच्या कारणावरून आत्ताच निवृत्त करू. समिती बसणार नाही, कोणाला काही विचारले जाणार नाही. बाकी जुने अहवाल हळूहळू, पुढच्या वर्षी पाहू. त्यांच्या आवाजात कपट नव्हते, थकवा होता.

ऋजुताने विचारले की या वर्षात अशी किती नावे कळवली गेली. त्यांना ते पाहावे लागले नाही. ते म्हणाले, थोडी नाहीत. दोघांनी नोकरी सोडली.

"यंत्राच्या वागण्यात फरक पडत नाही, हे मीच लिहून दिलं होतं, साहेब," ती म्हणाली. "माणसांच्या वागण्याचं मी काही लिहिलं नव्हतं. मगदूम सर जेवत नाहीत. आणि ते यंत्र महिनाभर चालू राहिलं, कारण आपल्याकडे नाव होतं."

"आणि श्वासयंत्रांचं काय? तिथं जे काही होईल, त्याला ओळ क्रमांकसुद्धा नसेल."

ती एवढेच म्हणाली की सध्याच्या गाभ्यावर श्वासयंत्राची सुधारणा पाठवली, तर तिच्यात काही बिघडल्यावर कुठे बिघडले हेही आपल्याला कळणार नाही. खोत पेपरवेट फिरवत राहिले. शेवटी त्यांनी विचारले, पूर्ण संकलनाच्या आदेशावर सही कोण करणार. उत्तरदायी म्हणून ज्याची सही त्याचे नाव लागेल, सगळ्या चुकीच्या अहवालांना. ते तिला ठाऊक होते. तिने सही करून कागद त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी तो वाचला आणि वाढीव कोट्यासाठी आपण सोमवारी मुंबईला जातो म्हणाले. मिळेल असे म्हणाले नाहीत.

त्याच संध्याकाळी तिने मगदुमांना सांगितले. त्यांनी दोनदा विचारून घेतले, पेन्सिलने पेपरच्या कडेला ओळी मोजून पाहिल्या आणि चष्मा काढला. काकू आतल्या दारात भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"मग आता बिरूला काय सांगायचं?" ते म्हणाले. "मी त्याला एक माणूस दिला होता. शिव्या घालायला तरी कुणी होतं. आता काय, सैल वायर सांगू?"

"मी सांगते, सर. टीप माझी आहे."

"तुझी कशाची. गोष्ट माझी होती." थोड्या वेळाने त्यांनीच फोन लावला.

बिरूने सारे ऐकून घेतले. ओळी आणि टिपा त्याला किती कळल्या कोण जाणे. त्याने एकच विचारले, ते मशीन बंद केले का. केले म्हटल्यावर पलीकडे शेळ्यांच्या घंटांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "या एकदा परत, सर. त्या दिवशी तुमी पाणीबी घेतलं न्हवतं."

मंगळवारी पूर्ण संकलन सुरू झाले. कोटा त्यावर लागल्याने केंद्रातले बाकीचे सगळे पडदे आणि वातानुकूलन बंद ठेवावे लागले. माणसे आपोआप व्हरांड्यात आली. सकाळी दोन माणसे श्वासयंत्राची सुधारणा लांबणीवर पडली म्हणून रागावून बोलली होती, आणि ऋजुताने ते ऐकून घेतले होते. त्यांच्यातलाच एक आता चहा ओतत होता. मगदूम दुपारी आले. चाळण बंद होती. एकामागून एक प्रत्येक फाईलचे नाव पडद्यावरून जात होते, ज्यांना वर्षभरात कोणी हात लावला नव्हता त्यांचेसुद्धा.

"सगळ्या भावकीला," मगदूम म्हणाले. कोणी हसले नाही. त्यांनाही ते अपेक्षित नव्हते.

पंपाच्या फाईलची पाळी आली तेव्हा त्यांनी आत जाऊन शेजारचा पडदा तेवढ्यापुरता लावला, ती उघडायला सांगितली आणि टीप पहिल्यांदाच वाचली. वाचायला त्यांना वेळ लागला. मग पडद्यावर बोट ठेवून म्हणाले की कूस दीर्घ असते, आरवाडे बाई, आणि चुकायची तर एकदा चुकावी, इथे दर वेळी ऱ्हस्व लिहिली आहे. ऋजुताचा हात सवयीने कळफलकाकडे गेला.

"राहू दे," ते म्हणाले. "उगीच परत सुतक लावशील."

त्या दिवशी कोणीतरी त्यांना विचारले, म्हणून त्यांनी बझर आधी का आणि पंप नंतर का, ती गोष्ट सांगितली. ती जुन्या लोकांना माहीत होती. तरी त्यांनीही ऐकली. गोष्टीच्या शेवटी मगदुमांनी कलावती सरगर हे नाव घेतले आणि तिच्या मुलाला बाकावर काय ऐकू आले नाही ते सांगितले. केंद्रात ते नाव मोठ्याने उच्चारले जाण्याची ही पहिलीच वेळ होती. आत यंत्रांचे पंखे एकसारखे गरगरत होते.

ऊन कलू लागले तेव्हा संकलन पूर्ण झाल्याचा संदेश आला. सर्वांनी मगदुमांकडे पाहिले, कारण पुढचे वाक्य नेहमी त्यांचे असे. त्यांनी कप पालथा घातला, पिशवी खांद्याला अडकवली, आणि अजून दिवस आहे ना ते पाहावे तसे आभाळाकडे पाहिले.

"मी घरी जाऊन करतो आंघोळ," ते ऋजुताला म्हणाले. "काकूला फोन कर. म्हणावं, ताट वाढून ठेव, आणि बस्तीत न्यायची फुलं काढ."